पोटात ठेवणारं माणूस

गेले काही महिने इंदूरच्या मराठी मंडळींत एक विषय पुन्हा पुन्हा निघतो आहे: माणसं मनातलं बोलेनाशी झाली आहेत, त्यांना बोलतं कसं करायचं? त्यावर परिसंवाद झाले, ज्येष्ठांच्या कट्ट्यावर वाद झाले, आणि व्हॉट्सॲपवर तर सकाळचे पोहे व्हायच्या आत यावरचा एखादा सुविचार येऊन पडलेला असतो. वाद घालणाऱ्यांचे ठळक दोन तट आहेत. पहिल्याला वाटतं की बोलणं हे कौशल्य आहे आणि ते शिकवता येतं. म्हणून कार्यशाळा घ्या, रात्री जेवताना मुलांना ठरावीक प्रश्न विचारा, नवऱ्याला आठवड्यातून एकदा समोर बसवा. दुसऱ्या तटाच्या मते हे सगळं मोबाइलनं आणि फ्लॅटनं केलं. रामबागेतल्या वाड्यांच्या ओटल्यांवर माणसं मोकळी व्हायची. ओटले गेले, माणसं मिटली. दोन्ही तट एकमेकांवर तुटून पडतात, पण एका बाबतीत त्यांचं न बोलता एकमत आहे, ते म्हणजे दोष न बोलणाऱ्याचा. तो घुमा आहे, आतल्या गाठीचा आहे, त्याला व्यक्त होता येत नाही, किंवा काळानं त्याला तसं करून ठेवलं आहे. ऐकणाऱ्याकडे कोणी बोटही दाखवत नाही. संवादावरच्या परिसंवादात वक्ते तासभर बोलतात, श्रोत्यांसाठी शेवटची पाच मिनिटं उरतात, तीही आभारप्रदर्शनात जातात, आणि यात कोणाला काही खटकत नाही.

मला हा वादच चुकीच्या टोकाकडून धरलेला वाटतो. न बोलणारा माणूस बहुतेक वेळा मुखदुर्बळ नसतो, हिशेबी असतो. कधी तरी तो बोललेला असतो आणि त्या बोलण्याचं पुढे काय झालं ते त्यानं पाहिलेलं असतं. घरात हूं की चूं न करणाऱ्या त्याच गृहस्थाला कॉलेजातल्या जुन्या मित्राबरोबर हिवाळ्यातल्या रात्री सराफ्याच्या खाऊबाजारात उभं करा. गराडूची, म्हणजे तळलेल्या कंदाची, प्लेट संपेपर्यंत तो नोकरीतली कुचंबणा, भावाशी चाललेला घराचा तंटा, आणि छातीत दुखतंय पण अजून डॉक्टरकडे गेलो नाही, हेसुद्धा सांगून मोकळा होतो. त्याला बोलायला कोणी शिकवलं? कोणीही नाही. समोरचा माणूस फक्त वेगळा होता. तेव्हा ‘बोला, मोकळे व्हा’ असा धोशा लावण्यात अर्थ नाही. सुधारायच्या त्या ऐकणाऱ्यांच्या सवयी, आणि त्यांतली ऐकलेलं पोटात ठेवण्याची सवय आपल्याकडे सगळ्यांत कच्ची आहे.

पण आधी त्या ओटल्यांचा निकाल लावू, कारण पूर्वीच्या मोकळेपणाची गोष्ट फार गोड आहे आणि म्हणून फार दिवस टिकली आहे. ओटल्यावर बोलणं होत होतं यात शंका नाही. काय बोललं जायचं? पाऊस, भाव, कोणाची बदली, कोणाचं लग्न, होळकरांच्या वेळच्या आठवणी. मनातलं? ते कुठे जायचं याचा भरभक्कम पुरावा मराठीतच आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या खेडोपाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. सासुरवास, माहेरची ओढ, नवऱ्याचा मार, मूल गेल्याचं दुःख, भावाची वाट पाहणं, सगळं त्यांत आहे. आपण या ओव्यांकडे मोकळेपणाचा ठेवा म्हणून पाहतो. मला त्या उलट साक्ष देताना दिसतात. भरल्या घरात दहा-पंधरा माणसं असताना त्या बाईला पहाटेच्या अंधारात, घर झोपलेलं असताना, दगडाला सांगावं लागलं. शेजारी दळायला बसलेली दुसरी बाई तेवढी तिची श्रोती, आणि तीही त्याच बोटीत. ज्या घरात माणसं मोकळेपणानं बोलत होती, त्या घरातल्या सुनेला एवढ्या ओव्या रचायची गरज का पडली असेल?

आता आपल्या गावाकडे येऊ. १८१८ च्या मंदसौरच्या तहानंतर होळकरांची राजधानी इंदूरला आली. त्याच्या आधी आणि नंतर पुणे, सातारा, कोकण, खानदेशातून आलेली घरं इथे रुजली. आज ती रामबाग-नारायणबागेपासून लोकमान्यनगर, सुदामानगर, राजेंद्रनगरपर्यंत पसरली आहेत. शहर लाखोंचं झालं, पण त्यातला मराठी समाज अजून एकमेकांच्या ओळखीतलाच आहे. कोणाचे ना कोणाचे तरी व्याही, शाळेतल्या बाई, गणपतीतल्या नाटकातले सहकलाकार, किंवा निदान एकाच दुकानातून गोडा मसाला घेणारे. याचं मला अप्रूप आहे. पुण्याला राहायला गेलेल्या आमच्या मुलांना हेच तिथे मिळत नाही. पण अशा समाजात शब्द कसा फिरतो पाहा. एक प्रसंग सांगते, माणसं ओळखू येणार नाहीत इतका बदलून. एका घरातल्या मुलाची नोकरी गेली. आईनं ते एकाच ठिकाणी सांगितलं, भिशीतल्या जिवाभावाच्या मैत्रिणीला, ‘तुझ्यापाशीच राहू दे’ म्हणून. मैत्रिणीनं ते आपल्या जावेला सांगितलं, तेही काळजीपोटीच: जावेचा भाऊ पुण्यात मोठ्या कंपनीत आहे, काही बघेल. जावेनं भावाला सांगताना फोनवर आवाज थोडा मोठा ठेवला, तेव्हा घरात पाहुण्या बसल्या होत्या. ज्या मुलीशी त्या मुलाच्या लग्नाची बोलणी चालली होती, तिच्या घरी ती बातमी पोचायला पंधरवडाही लागला नाही. नकार आला. कारण दिलं पत्रिकेचं.

या साखळीत दुष्ट कोणीच नाही. चुगली करायची म्हणून कोणी केलेली नाही, उलट प्रत्येकीनं मदत म्हणून पुढे सरकवलं. पण त्या आईला आता कोणती कार्यशाळा बोलतं करणार? तिला प्रश्न विचारायची शंभर तंत्रं शिकून आलात तरी ती ‘मजेत आहे, तुमचं कसं?’ म्हणेल, चहा टाकेल आणि विषय बदलेल. आणि आपण बाहेर पडताना म्हणू, फार बंद झाली आहे हो ती हल्ली.

यावर एक खरा आक्षेप आहे आणि तो मला टाळायचा नाही. खबरी ठेवणारा समाजच वेळेला धावून येतो. रात्री दोनला ॲम्ब्युलन्स आली की ज्या काकूंच्या डोळ्यांतून काही सुटत नाही त्याच दार उघडून बाहेर येतात, सकाळी डबा पोचवतात, दहाव्याच्या दिवशी भांडी घासायला उभ्या राहतात. कोणाच्या खासगीत डोकवायचंच नाही असं ठरवलेल्या उंच इमारतींत माणूस चार दिवस बंद दारामागे पडून राहतो, हेही आपण वाचतो. मग पोटात ठेवण्याचा आग्रह धरला की ही माया आटेल का? मला नाही वाटत, कारण बातमी आणि गुपित यांतला फरक प्रत्येकाला कळतो. ‘अप्पांना ॲडमिट केलंय, रक्त लागेल’ ही बातमी आहे. ती जितक्या लवकर पसरेल तितकं बरं. ‘अप्पा मला काल म्हणाले, आता जगण्यात काही राम नाही’ हे अप्पांचं आहे. डबा पोचवायला पहिलं पुरतं. दुसरं आपण सांगतो तेव्हा आपल्याला त्यातून काही मिळत असतं: अप्पांनी विश्वासानं सांगावं इतक्या जवळचे आपण आहोत, हे चारचौघांत दाखवता येतं. काळजीच्या पदराखाली हा मोठेपणा किती वेळा लपलेला असतो, हे ज्यानं त्यानं आपलं आपण पाहावं.

कायदे करणाऱ्यांना ही गोष्ट केव्हाच उमगली होती. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्यात वकिलाला अशिलाचं सांगणं अशिलाच्या संमतीशिवाय उघड करता येत नव्हतं. नवरा-बायकोंनी संसारात एकमेकांना सांगितलेलं न्यायालयातही, काही अपवाद सोडता, काढून घेता येत नव्हतं. त्याच कायद्याचं कलम २५ सांगत होतं की पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध सिद्ध करता येणार नाही. आता त्याच्या जागी २०२३ चा भारतीय साक्ष्य अधिनियम आला, तरतुदींचा गाभा तोच आहे. यातली दृष्टी पाहा. माणसानं वकिलाशी खरं बोलावं असं वाटत असेल तर आधी वकिलाच्या तोंडाला कुलूप लावावं लागतं. आणि ज्याच्या हातात दंडुका आहे त्याच्यापुढे बोललेलं ‘मोकळं’ बोलणं धरायचंच नाही. भिशी, लग्नाचे हॉल आणि सोसायटीच्या लिफ्टसाठी असं कलम नाही, म्हणून तिथली जबाबदारी संस्कारांवर येते.

दंडुक्याचा मुद्दा घरालाही लागू आहे. भंवरकुआंच्या कोचिंगमधून मुलगा रात्री घरी येतो. वडील विचारतात, ‘काय मग, कशी झाली टेस्ट? मोकळेपणानं सांग, आम्ही काही रागावणार नाही.’ फी त्यांनी भरलेली, पुढचं वर्ष त्यांच्या हातात, आणि मागच्या खेपेला ‘कमी पडले’ म्हटल्यावर मोबाइल काढून घेतला होता. मुलगा ‘बरी झाली’ म्हणतो. हा संवादाचा अभाव म्हणायचा? मला तर तो मुलाचा अनुभवसिद्ध निर्णय वाटतो. कचेऱ्यांतही तेच. साहेब केबिनचं दार उघडं ठेवून सांगतात, कधीही या, मनात असेल ते बोला. जो खरंच जातो त्याचं नाव वार्षिक अहवालात ‘नकारात्मक वृत्ती’च्या रकान्यात सापडतं. उरलेले मग कशाला जातील? ज्याच्याकडे अधिकार आहे त्यानं आधी हे दाखवून द्यावं लागतं की खरं बोलल्यानं बोलणाऱ्याचं वाकडं झालं नाही. आणि हे एकदा दाखवून भागत नाही.

आपल्याच माळव्यात याचा दाखला आहे. अहिल्याबाई होळकर दरबारात पडद्याआड बसत नसत. जॉन माल्कमनं मध्य भारतावरच्या आपल्या १८२३ च्या ग्रंथात, लोकांच्या आठवणी गोळा करून, त्यांच्या दिनक्रमाची नोंद केली आहे. दुपारी दोनला त्या दरबारात येत, संध्याकाळी सहापर्यंत बसत. पूजा आणि साधं जेवण झाल्यावर रात्री नऊला पुन्हा काम सुरू होई ते अकरापर्यंत. तक्रार घेऊन आलेल्याचं त्या स्वतः ऐकत, मग प्रकरण पंचांकडे किंवा कारभाऱ्यांकडे जाई. आपण याला त्यांचं सात्त्विकपण म्हणून हात जोडतो आणि पुढे जातो. मला त्यातली व्यवस्था महत्त्वाची वाटते. वेळ ठरलेली, जागा ठरलेली, मधला माणूस नाही. आणि हे १७६७ पासून १७९५ मध्ये त्या जाईपर्यंत, जवळजवळ तीन दशकं चाललं. महेश्वरला येऊन गाऱ्हाणं मांडलेला माणूस परत गावी जाऊन नांगर धरू शकतो, त्याच्यावर कोणी सूड उगवत नाही, हे लोकांनी वर्षानुवर्षं पाहिलं असणार. नाहीतर सारा वसूल करणाऱ्या कमाविसदाराविरुद्ध बोलायला कोण इतक्या लांब आलं असतं? त्यांनी लोकांना बोलायचं प्रशिक्षण दिल्याची नोंद कुठे नाही.

आता बोलणं शिकवता येतं म्हणणाऱ्या तंत्रवाद्यांची बाजू. कोणी तरी विचारल्याशिवाय काही माणसं आयुष्यभर बोलत नाहीत, हे त्यांचं म्हणणं बरोबर आहे. नुसतं भरवशाचं असून भागत नाही, दार ठोठावावंही लागतं. शिवाय त्यांच्या बाजूनं चांगलं संशोधनही आहे. अमेरिकेत मेरी बड रो या शिक्षणतज्ज्ञ बाईंनी १९७० च्या दशकात वर्ग ध्वनिमुद्रित करून तपासले, तर शिक्षक प्रश्न विचारल्यावर जेमतेम एक सेकंद थांबत होते आणि लगेच पुढे बोलत होते. तेच तीन सेकंद थांबले की मुलांची उत्तरं लांबली, एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागली, ‘माहीत नाही’ म्हणणं कमी झालं. हार्वर्डच्या काही संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवलं की समोरच्यानं जे सांगितलं त्याच धाग्यावर पुढचा प्रश्न विचारणारा माणूस लोकांना जास्त आवडतो. आणि डॉक्टरांबद्दल १९८४ चा बेकमन आणि फ्रँकेल यांचा अभ्यास तर प्रसिद्धच आहे: रुग्ण आपलं दुखणं सांगायला लागल्यावर सरासरी १८ सेकंदांत डॉक्टर त्याला तोडत होते. हे सगळं मला मान्य. पण नीट पाहिलं तर ही तंत्रं कोणाला काय करायला सांगतात? विचारणाऱ्यालाच सांगतात: थांब, तोडू नकोस, तुझा विषय आणू नकोस. म्हणजे माझाच मुद्दा आकडे घेऊन आला. आमच्या घरांत १८ सेकंद मिळाले तरी पुष्कळ झाले. ‘रात्री झोप लागत नाही’ एवढं म्हणून बघा. ‘अगं, मला तर गेली दहा वर्षं नाही’ किंवा ‘झोपताना दुधात जायफळ घे’, यांपैकी एक वाक्य पुरं होण्याआधीच येतं. झोप का लागत नाही हे सांगायचं राहून जातं, जायफळ मात्र घरी येतं.

सल्ल्याविषयी मात्र थोडं सावध बोलायला हवं, कारण ‘फक्त ऐका, सल्ला देऊच नका’ हेही आता सुविचारासारखं झालं आहे. झिंबाब्वेत डिक्सन चिबांडा या मनोविकारतज्ज्ञानं २००६ मध्ये हरारेतल्या एका वस्तीतल्या चौदा आज्यांना हाताशी धरलं. दवाखान्याच्या आवारात बाक टाकला, आजी त्यावर बसणार, आणि ‘फार विचार होतो’ म्हणून आलेल्या माणसाशी बोलणार. ५७३ जणांवर केलेली या उपक्रमाची चाचणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि आजींशी बोललेल्यांचं नैराश्य नेहमीच्या उपचारांवर असलेल्यांपेक्षा बरंच कमी झालेलं दिसलं. या आज्या नुसत्या मान डोलवत नव्हत्या. आलेल्या माणसाच्या ढीगभर अडचणींतून एक त्यानं निवडायची, आणि त्या एकीवर काय करता येईल ते दोघांनी मिळून ठरवायचं, अशी ती पद्धत. तेव्हा मदत करणं वाईट नाही. निवड त्याची हवी. गोष्ट इथेच संपत नाही, कारण हे उदाहरण माझ्या विरोधातही जातं. त्या आज्या परक्या नव्हत्या, त्याच वस्तीतल्या होत्या, सगळ्यांना ओळखणाऱ्या. मग तिथे शब्द बाहेर फुटला नाही आणि आपल्याकडे फुटतो, असं का? कारण तिथे आजींनी एक काम अंगावर घेतलं होतं, त्याचं शिक्षण घेतलं होतं, आणि बाकावरचं बोलणं हा त्या कामाचा भाग होता. आपल्या आज्या-काकूंनी तसं काही अंगावर घेतलेलं नाही. क्षमता त्यांच्यात कमी आहे असं मला मुळीच वाटत नाही.

लंडनचं उदाहरण त्याहून बोलकं आहे. १९५३ मध्ये चॅड व्हारा नावाच्या पाद्र्यानं आपल्या चर्चमध्ये आत्महत्येच्या विचारात असलेल्यांसाठी फोन ठेवला. समुपदेशन स्वतः करायचं असा त्याचा बेत होता. गर्दी झाली, म्हणून वाट पाहणाऱ्यांना चहा द्यायला, सोबत करायला साधी माणसं बसवली. थोड्याच दिवसांत त्याच्या लक्षात आलं की चहा देणाऱ्यांशी बोलून पुष्कळ जण त्याला न भेटताच घरी जातात, आणि बरे होऊन जातात. पुढच्याच वर्षी त्यानं काम त्या स्वयंसेवकांकडे सोपवलं. समॅरिटन्स ही संस्था अशी उभी राहिली, आणि सांगितलेलं बाहेर जाऊ नये हे तिचं एक मूळ तत्त्व आजही आहे.

चहा हातात असणं हासुद्धा योगायोग नसावा. ‘समोर बसा, डोळ्यांत डोळे घालून बोला’ हा कार्यशाळांमधला आवडता सल्ला मला उफराटा वाटतो. डोळ्यांत डोळे घालून चौकशी होते. जड गोष्ट माणूस बहुधा बाजूला बसून, हातात काम असताना, नजर दुसरीकडे ठेवून सांगतो; जात्याशी दोघी बसायच्या त्या अशाच. आमच्याकडे पावसाळ्यात भुट्ट्याचा कीस होतो. कोवळे भुट्टे, दोन किसण्या, मध्ये परात. किसताना दाण्यांतलं दूध उडतं आणि चष्म्याच्या काचा माखतात, त्यामुळे कोणी कोणाकडे बघतच नाही; अंगठा सांभाळणं हेच मोठं काम असतं. एरवी ‘आमचं काय, चाललंय’ एवढ्यावर थांबणाऱ्या माझ्या आतेसासूबाई दोन भुट्टे झाले की बोलायला लागतात. मध्येच थांबतात, कणसाचा बुडखा बाजूला टाकतात, नवीन घेतात. मी ‘मग?’ म्हणते आणि माझा भुट्टा किसत राहते. एकदा त्यांनी आपल्या तरुणपणातली एक गोष्ट सांगितली. मी तेव्हा हात थांबवून ‘काय सांगता आत्या!’ म्हटलं असतं, तर त्या दिवशी फक्त कीस झाला असता. गोष्ट काय होती ते इथे लिहिणार नाही. कीस मात्र चांगला झाला होता. हिंग-मोहरीची फोडणी तुपाची असावी आणि दूध घातल्यावर मंद आचेवर धीर धरावा, एवढं कोणालाही सांगायला हरकत नाही.

परक्यापाशी माणूस जास्त बोलतो, हेही याच हिशेबात बसतं. गेओर्ग झिमेल या जर्मन समाजशास्त्रज्ञानं १९०८ मध्येच लिहून ठेवलं होतं की जवळच्यांपासून जपून ठेवलेल्या कबुल्या वाटेवरच्या अनोळखी माणसाला मिळतात. इंदूर-पुणे गाडीत बसलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. रतलाम येईस्तोवर समोरच्या बर्थवरच्या काकांचा अर्धा संसार आपल्याला कळलेला असतो. ते काका घरी घुमे म्हणूनच प्रसिद्ध असतील.

आणि सगळ्यांनी बोललंच पाहिजे, हे तरी कोणी ठरवलं? बोलून टाकलं की बरं वाटतं, न बोललेलं आत कुजतं, ही समजूत १८९५ मध्ये ब्रॉयर आणि फ्रॉइड यांनी मांडलेल्या कल्पनांपर्यंत मागे नेता येते, आणि आता ती आपल्याला निसर्गनियमासारखी वाटते. १९८० च्या दशकात याच समजुतीतून अपघात, आग, दरोडा अशा प्रसंगांतून वाचलेल्यांना लगेच एकत्र बसवून घडलेलं सगळं बोलायला लावण्याची पद्धत रूढ झाली. हेतू उत्तम होता. २००२ मध्ये या विषयावरच्या चाचण्यांचा आढावा, वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेचा, निघाला तेव्हा दिसलं की अशा एका बैठकीनं आघातानंतरचा मानसिक त्रास टळत नाही. एका अभ्यासात तर बोलायला लावलेल्यांचा त्रास वर्षभरानंतर जास्त होता. ज्याला आत्ता सांगायचं नाही त्याच्याकडून काढून घेतलेलं बोलणं औषध ठरत नाही. म्हणून एखाद्या विधवेनं बाराव्याच्या आधी रडून मोकळं व्हावं यासाठी तिच्याभोवती कोंडाळं करून बसणाऱ्या बायकांना माझं सांगणं आहे की जरा उठा, आत जाऊन वरण-भाताचा कुकर लावा.

शेवटचा आक्षेप सगळ्यांत जड आहे. पोटात ठेवण्याचा एवढा आग्रह धरलास, आणि उद्या एखादं पोर विश्वासानं म्हणालं की मला मरावंसं वाटतं, तर तेही पोटात ठेवायचं का? नाही, ठेवायचं नाही. जिवाशी खेळ असेल, लहान मुलावर कोणी हात टाकत असेल, तर गुपित तिथे संपतं. पण संपवायचीही रीत असते. त्याच्या पाठीमागे आईला फोन, आईचा मामाला, मामाचा आणखी कोणाला, आणि संध्याकाळी घरात दहा माणसं जमलेली, असं झालं तर ते पोर पुन्हा कोणाशी बोलणार नाही, आणि पुढच्या वेळी आपल्याला कळणारही नाही. त्याच्यासमोर सांगावं: ‘हे मी एकटी सांभाळू शकत नाही, आपण कोणाला तरी घेऊ, कोणाला घ्यायचं ते तू सांग.’ ताई म्हणाला तर ताई, वर्गातला मित्र म्हणाला तर मित्र. घरचं कोणीच नको असेल तर केंद्र सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्याची फोनसेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. १४४१६ हा क्रमांक चोवीस तास लागतो, भाषा निवडता येते, पैसे पडत नाहीत. फोन त्याच्याच हातात द्यावा आणि आपण शेजारी बसून राहावं. मदत ठरेपर्यंत त्याला एकटं सोडू नये, आणि घरी जाताना वाटेत कोणी ‘काय हो, आज इतका वेळ तिकडे?’ म्हणून विचारलं, तर भाजी आणायला गेले होते म्हणून खुशाल सांगावं.